दहाच्या पुढे

इमर्जन्सी वॉर्डात मी एकतीस वर्षं आया आहे. माझी शाळा दुसरीत सुटली, पण तिथल्या निम्म्या डॉक्टरांना हातमोजे नीट काढायला मी शिकवलंय. तेव्हा मला कुणी भोळी समजू नये.

हृदय बंद पडलेला माणूस आला की एकजण त्याची छाती दाबत राहतो. दर दोन मिनिटांनी हात थांबतात आणि टाचणी सोनोग्राफीचा दांडा छातीवर टेकवून पडद्यावर बघते, हृदय हलतंय की नाही. टाचणी म्हणजे आमची लहान डॉक्टरीण. नाव मीच ठेवलं. आली तेव्हा पंख्याच्या वाऱ्यानं उडेल अशी होती. बघायला दहा सेकंदच. त्याहून जास्त वेळ हात थांबले तर मेंदूला रक्त पोचत नाही. म्हणून कुणीतरी मोठ्यानं आकडे म्हणायचे. तरुण मुलं घाबरून भरभर म्हणतात, नाहीतर पडद्याकडे बघत बसतात. माझे आकडे घड्याळासारखे पडतात, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दहा म्हटलं की हात परत छातीवर.

पहिल्यांदा दिसलं ते एका रंगाऱ्याच्या वेळी. पडद्यावर त्याचं हृदय ओल्या चिंधीसारखं पडलेलं. मी सात म्हटलं, ते हललं. आठला हललं, नऊला, दहाला. मी थांबले, तेही थांबलं. टाचणी म्हणाली की तोंडावर दाबतात त्या श्वासाच्या पिशवीनं आतलं रक्त कधीकधी हलतं. ती शिकलेली, मी मान्य केलं.

मग एक निवृत्त मास्तरीण आली. तिचंही सातलाच.

मग एक फळवाला. त्याच्या वेळी आधी सिस्टरनं मोजलं, तर चिंधी ती चिंधीच. दोन मिनिटांनी मी मोजलं आणि सातला हललं. टाचणी तेव्हा पडदा सोडून माझ्याकडे बघत होती. नियम म्हणजे नियम, मी दहालाच थांबले. तिघंही गेले. अंगावरची सोनोग्राफीची जेली मीच पुसली.

त्यानंतर एका दुपारी स्ट्रेचर आत आलं आणि मला आधी चपला दिसल्या. डाव्या चपलेचा पट्टा निळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो मीच शिवला होता, आमच्या ह्यांना शिव्या घालत.

"मावशी, तुम्ही बाहेर बसा. सिस्टर मोजतील," टाचणी म्हणाली.

"सिस्टरनं मोजून काय होतं ते तू बघितलंयस."

तिनं दांडा टेकवला. हात थांबले.

सहापर्यंत काही नाही. सातला हललं. दहा म्हटलं तसे दाबणाऱ्याचे हात सवयीनं पुढे आले. मी ते धरले आणि अकरा म्हटलं.

टाचणीनं ह्यांच्या गळ्यावर बोटं ठेवली. आकड्याला एक ठोका.

वीस. चाळीस. सत्तर.

ओळीनं म्हणायची माझी उजळणी शंभरापर्यंतच. शंभर म्हटलं आणि पुढचं तोंडात येईना.

मी गप्प झाले.

हृदय चालत राहिलं.

महिन्याभरानं ह्यांना घरी आणलं. जेवतात, स्वतःची दाढी स्वतः करतात, पण बोलणं गेलं. घरी पहिल्याच सकाळी मात्र डोळे उघडून म्हणाले, "शंभर." मी हसले. म्हटलं, अहो, एवढी वर्षं मला छळायचा बेत आहे का? दुसऱ्या सकाळी म्हणाले, "नव्याण्णव." रोज एकच आकडा, आणि दिवसभर पुन्हा शब्द नाही. आवाज ठणठणीत, एकसारखा. चौथ्या दिवशी मला कळलं, तो त्यांचा नव्हताच. वॉर्डात मोजतानाचा माझा आवाज होता.

चाळीस म्हणाले त्या दिवशी त्यांना टाचणीकडे नेलं. मी तिला ह्यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. तिनं दांडा टेकवला आणि दहा सेकंदांहून खूप जास्त वेळ बघितलं. मग जेली स्वतःच्या हातानं पुसली. डॉक्टर लोक हे काम करत नाहीत.

"हृदय छान चाललंय, मावशी," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "आज किती म्हणाले?"

घरी येऊन मी नातीला बोलावलं. म्हटलं, शंभराच्या पुढचं मला ओळीनं शिकव. आजीला एवढंही येत नाही म्हणून ती हसली, हसू दिलं. आठवड्याभरात हजारापर्यंत आलं. रोज संध्याकाळी ह्यांचा हात हातात घेऊन एकशे एकपासून म्हणते. ते शांतपणे ऐकतात, माझा हात थोपटतात, आणि सकाळी एक आकडा कमी.

आज सकाळी म्हणाले, "सहा."

मी त्यांच्या छातीवर तळहात ठेवला आणि दहापर्यंत मोजलं. सातलाही हललं नाही. पुढे मोजत गेले, पार शंभराच्या पुढे. आत काहीच नव्हतं.

त्यांनी माझा हात अलगद बाजूला केला, उठले, आणि दाढीचं पाणी गरम करायला ठेवलं.