तीन ठोके

आधीच सांगतो, मला गोष्टी रचता येत नाहीत. शाळेत माझे निबंधसुद्धा ताईच लिहून द्यायची.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. अठरा वर्षं झाली. इथे लिहितोय ते माझ्या दोन कानांनी ऐकलेलं आहे. त्यात पदरचं काही नाही. पटलं तर पटलं.

आणि यात रात्र नाही. ओसाड बंगला नाही. मंगळवार होता. दुपारचे पावणेचार. बाहेर लख्ख ऊन.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. नर्स. शहराच्या टोकाला एक तीन मजली शुश्रूषागृह आहे. जे पेशंट बरे होणार नाहीत, पण ज्यांना घरीही ठेवता येत नाही, असे लोक तिथे असतात. ताई दुसऱ्या मजल्यावर होती.

ती कविता करायची. छंद म्हणून नव्हे. भूक लागते तशा तिला ओळी लागायच्या. ड्यूटीवर वही ठेवायला परवानगी नव्हती. म्हणून ती ड्रेसिंगच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहायची आणि ती पट्टी बाहीच्या आत चिकटवायची. घरी आली की बाही उलटी करून ओळी वहीत उतरवायची. आई होती तोवर म्हणायची, "हिचे कपडे धुवायचे की वाचायचे?"

दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात एकट्याची एक खोली होती. तिथे प्रूफवाले काका होते.

चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस. उजवी बाजू लुळी पडली होती. घशाला भोक पाडून नळी बसवलेली. श्वास त्या नळीतून. त्यामुळे बोलणं बंद. नळीत कफ साठला की मशीनने ओढून काढावा लागायचा, नाहीतर जीव गुदमरायचा.

पण डावा हात शाबूत होता. त्या हातात त्यांची स्टीलची सहा इंची पट्टी असायची. प्रूफ वाचताना ओळीखाली धरायची, तीच. ती ते पलंगाच्या कठड्यावर आपटायचे.

एक ठोका म्हणजे बरोबर.

दोन म्हणजे चूक.

तीन म्हणजे... ये, श्वास अडकलाय.

ही भाषा ताईनेच बसवली होती. आणि याच भाषेत दोघांचं काय जमलं म्हणून सांगू! ताई त्यांचं अंग पुसता पुसता कविता म्हणायची. एकदा तिने म्हटलं, "माझ्या थकलेल्या हातांना औषधांचा वास येतो." लगेच टण, टण. ताईने 'थकलेल्या' काढलं. "माझ्या हातांना औषधांचा वास येतो."

टण.

"म्हातारा श्वास नळीतून घेतोय, पण दुसऱ्याच्या चुका काढायची खोड काही जात नाही," वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या. काका हसायचे. आवाज नाही, नुसते खांदे हलायचे.

दोन वर्षांत ताईच्या त्रेपन्न कविता त्या पट्टीखालून गेल्या. संग्रह होणार होता. शेवटची एकच कविता अडली होती.

"दुपार उशाशी बसून असते, तिला उठून जायचं असतं..."

पुढची ओळ येईना.

तिथली लिफ्ट पहिल्यापासून माझ्याकडेच, त्यामुळे ताईच्या वॉर्डात माझं नेहमीचं येणं-जाणं. त्या मंगळवारी ती बंद पडली आणि मला बोलावणं आलं. मी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या डोक्यावर आडवा पडून काम करत होतो. दार उघडं. समोर ताईचं टेबल. तिच्या मागे काकांची खोली, तिचंही दार उघडं.

ताईने वीस मिनिटांपूर्वीच काकांची नळी साफ केली होती. मावशी खाली कपडे घेऊन गेल्या होत्या. वॉर्डातले बाकीचे झोपले होते. ताई टेबलाशी बसून ओळ शोधत होती. नेहमीसारखी मोठ्याने. काकांना ऐकू जावं म्हणून.

तिने एक ओळ म्हटली.

आतून ठोके आले.

"चूक? बरं," ताई म्हणाली. तिने शब्द बदलला आणि परत म्हटली.

परत ठोके. जरा घाईने.

"अहो, थांबा की काका! एकच शब्द बदलते."

परत ठोके... पण आता अगदी हलके.

तिने तिसऱ्यांदा ओळ म्हटली.

या वेळी काहीच आलं नाही.

ताई हसली. तिला वाटलं, ओळ जमली. "एक तरी ठोका द्या," असं म्हणत ती उठून खोलीत गेली.

तिची किंकाळी ऐकून मी लिफ्टवरून उडी मारली, तेव्हा ग्रीसने माखलेला पाना माझ्या हातातच होता.

काकांचे ओठ निळे पडले होते. पट्टी खाली फरशीवर.

डॉक्टरांनी लिहिलं, नैसर्गिक मृत्यू. कोणी ताईला शब्दाने विचारलं नाही. मावशींनी ती पट्टी काकांच्या खिशात ठेवली. ती त्यांच्याबरोबरच गेली. हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी मी ताईला घरी सोडायला गेलो. ती एकटीच राहते, दोन खोल्यांत. दारात तिने माझा हात धरला.

"तू समोर होतास ना? ठोके ऐकलेस?"

"हो."

"किती होते? मला दोन वाटले. दोन की तीन?"

आता हे मी पहिल्यांदाच लिहितोय.

आवाज ऐकून बिघाड ओळखणं हा माझा धंदा आहे. तीन मजले वर बेअरिंग घासलं तरी मला खाली कळतं. मी स्वच्छ ऐकलं होतं. तिन्ही वेळा तीन. ती भाषाही मला ठाऊक होती. पण वाटलं, ताई समोरच आहे, तिला ऐकू येतंय. मी आपला नट आवळत राहिलो.

"दोनच," मी म्हणालो.

ताईने सुटकेचा श्वास सोडला. मला वाटलं, मी तिला वाचवलं.

तीन महिने तिने काही लिहिलं नाही. ड्यूटी करायची, घरी यायची. मग एके दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"पान्या, मोकळा आहेस का?" चिडवायचं असलं की ती मला पान्या म्हणते. पण आवाजात चेष्टा नव्हती. "घरात कुठलातरी पाइप वाजतोय. बघून जा."

गेलो. सगळं तपासलं. नळ, टाकी, गच्चीवरचे पाइप. जिथून आवाज येतो असं ती म्हणत होती, त्या मधल्या भिंतीत पाइपच नव्हता. भिंतीपलीकडे आतली खोली. तिथे एक लाकडी पलंग आणि कपाट. बस्स.

"कधी वाजतो?"

ताईने वहीकडे बोट दाखवलं.

"मी लिहायला बसले की."

मला हसू आलं. म्हटलं, बस, लिही. ती खिडकीशी बसली. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तिने वहीत एक ओळ लिहिली आणि हळूच वाचली.

आणि मुलांचा आवाज थांबला.

कुकरचा थांबला. वर पंखा फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येईना. कानात कापूस कोंबल्यासारखं झालं.

मग...

टण. टण.

आतल्या खोलीतून.

तो लाकडाचा आवाज नव्हता. पोकळ लोखंडी नळीवर पातळ स्टील आपटल्याचा होता. हॉस्पिटलच्या पलंगाचा कठडा तसा वाजतो. मी शपथेवर सांगेन.

मी आत धावलो. खोलीत ऊन पडलं होतं. पलंगावर घडी केलेली चादर. कोणी नाही.

"वाचू नकोस," मी म्हणालो. "नुसती लिही."

तिने नुसती लिहिली. ओठही हलवले नाहीत.

टण. टण.

ताईचा चेहरा पांढरा पडला, पण ती घाबरलेली दिसेना. ती फक्त म्हणाली, "रोज असंच आहे. काहीही लिहिलं तरी चूक."

"मग लिहू नकोस! जाळ ती वही."

"पण ते चूक सांगतायत, पान्या. त्यांनी कधी उगाच चूक काढली नाही."

तिने पेन उचललं. बराच वेळ काही लिहिलं नाही. मग एका दमात लिहिलं आणि माझ्याकडे न बघता वाचलं,

"मी एक ओळ शोधत होते, तेव्हा एक माणूस श्वास शोधत होता."

खोलीत काही हलेना.

टण.

एकच.

ताई ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, झालं. संपलं.

तेवढ्यात...

टण. टण. टण.

ताईचं रडणं झटक्यात थांबलं. ती अशी उठली, जशी ड्यूटीवर उठते.

"आले, काका."

मी तिचा दंड पकडला. तिने तो हिसडून सोडवला. इतका जोर तिच्यात कुठून आला, माहीत नाही. ती आत गेली. मी उंबऱ्याशीच थांबलो.

आता मला आणखी काहीतरी ऐकू येत होतं. पेल्याच्या तळाशी उरलेलं सरबत नळीने ओढावं तसा ओला, खरखरीत आवाज. पलंगाच्या उशाकडून. अडकत, तुटत...

ताई रिकाम्या उशीवर वाकली. डाव्या हाताने तिने काहीतरी अलगद धरलं. उजव्या हाताने काहीतरी आत सरकवलं, गोल फिरवत बाहेर काढलं. मी तिला हे काम करताना शंभरदा पाहिलंय. हातात काही नव्हतं, पण एक हालचाल इकडची तिकडे झाली नाही.

"झालं, झालं. अजून एकदा. हं... घ्या आता श्वास."

खरखर थांबली.

आणि मग उशीकडून एक लांब, मोकळा श्वास आला.

तो मी ऐकला. माझ्यापासून चार हातांवर.

खाली कोणीतरी "आउट!" म्हणून ओरडलं. पंख्याची घरघर परत सुरू झाली. ताई मोरीत जाऊन साबणाने हात धूत होती, कोपरापर्यंत.

मी चप्पल न घालता जिना उतरलो. खोटं कशाला सांगू.

त्यानंतर दोन आठवडे मी तिकडे फिरकलो नाही. फोन केला की ती नीट बोलायची. जेवलास का, मुलं कशी आहेत. मग मावशींचा फोन आला. "सिस्टरनी नोकरी सोडली की हो. घरी पेशंट आहे म्हणाल्या. कोण आजारी आहे?"

मी त्याच दुपारी गेलो.

आतल्या खोलीचा पलंग भिंतीपासून सरकवून मध्ये घेतला होता, दोन्ही बाजूंनी फिरता यावं म्हणून. उशी उंच केली होती. स्टुलावर पाण्याचं भांडं, स्वच्छ फडक्यांची चळत. तिथेच वही. ताई वाळली होती, पण चेहरा शांत होता. वहीची अर्ध्याहून जास्त पानं भरली होती.

मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. "ताई, मी खोटं बोललो. त्या दिवशी तीन होते. तिन्ही वेळा तीन. मी ऐकलं होतं."

ती फडक्यांच्या घड्या घालत होती. हात थांबला नाही.

"माहीत आहे. काकांनी सांगितलं."

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात. मी विचारत गेले, ते सांगत गेले. तू लिफ्टवर होतास, मला कळलं नाही, तुला कळलं होतं..." तिने वर पाहिलं. "तुझ्यावर राग नाही त्यांचा. मी विचारलं."

"काय म्हणाले?"

"एक ठोका."

मी तिच्यासमोर खाली बसलो. तिचे दोन्ही हात धरले. औषधांचा वास येत होता. घरात एकही औषध नव्हतं.

"ताई, माझ्या घरी चल. आजच. असंच उठ आणि चल. तुझी भावजय वाट बघतेय."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी ताप आला की फिरवायची तसा.

"वेडा आहेस का रे? त्यांचं कोण बघणार? कफ फार आहे. दर दोन तासांनी नळी साफ करावी लागते. तासभरसुद्धा हलता येत नाही मला."

मग तिने ओठांवर बोट ठेवलं आणि पलंगाकडे मान वळवली.

"हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय."

मी पलंगाकडे पाहिलं नाही.

त्या दुपारला आज पाच महिने झाले. डॉक्टर आणून दाखवले. ते म्हणतात, तब्येत उत्तम, डोकं शाबूत, जरा माणसांत राहू द्या. माणसांत ती येत नाही. मी दर रविवारी डबा घेऊन जातो. उंबऱ्यावर ठेवतो.

आत ती मोठ्याने कविता वाचत असते. वाचते, थांबते. वाचते, थांबते.

परवा मी तिथे जरा जास्तच उभा राहिलो. आतून ताई म्हणाली, "पान्या, दार लोटून घे. त्यांना वारा लागतो."

मी दार लोटून घेतलं.