रागिणीचे आठ गोलकीपर

"उजव्या कोपऱ्यात मारते पाहा हा. एकदम खाली... पन गोल नाई होत."

रागिणीला खरं तर बोलायचं नव्हतं. अकोल्याच्या गाडीतून उतरून ती बडनेऱ्याच्या फलाटावर अमरावतीच्या गाडीची वाट पाहत उभी होती. जानेवारीचा गारठा अंगाला झोंबत होता. समोरच्या बाकड्यावर एक तरुण मोबाईलवर हॉकीची मॅच पाहत बसला होता. पेनल्टी कॉर्नर लागला आणि पोरीची जीभ सुटली! काय करणार, जित्याची खोड.

फटका बसला. उजव्या कोपऱ्यात, एकदम खाली. अन् गोलकीपरनं डावा पाय असा काही फेकला, की बॉल त्यावर आपटून थेट बाहेर.

तरुणानं हळूच मान वळवली. चहाचा कप ओठांपाशी तसाच थांबला होता.

"बाप्पा! तुमाले कसं समजलं?"

"मारणाऱ्याचा खांदा पाह्यला. खांदा आधीच चुगली करते."

"अन् गोल होत नाई, हे?"

"गोलकीपर डावा पाय हलका ठेवून उभा होता. म्हणजे त्यालेबी समजलं होतं."

तो तिच्याकडे पाहतच राहिला. रागिणीकडे याआधी कोणी पाहिलं नव्हतं असं नाही. पण एखाद्यानं पहिल्यांदाच समुद्र पाहावा तसं कोणी पाहिलं नव्हतं. ती लाजली, अन् लाजल्याचा तिला रागही आला.

"मले तं नुसता बॉल दिसते," तो म्हणाला. मग सरकून त्यानं अर्धं बाकडं मोकळं केलं. "बसा ना."

त्याचं नाव नितेश. बडनेऱ्याला रेल्वेच्या सिग्नल विभागात तंत्रज्ञ. रागिणी शेंदूरजनाघाटची, पंजाबराव संत्रेवाल्यांची थोरली. अकोल्याला बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि दर शनिवारी याच वाटेनं गावी जायची. एवढी ओळख झाली आणि तिची गाडी आली. ती डब्यात चढली, तेव्हा नितेश खिडकीशी धावत आला.

"आमच्या खेळात एक जागा खाली आहे. तुमी येता काय?"

तो खेळ असा. कॉलेजात हॉकी खेळलेल्या पाच दोस्तांनी दरसाल जानेवारीत, लीग सुरू झाली की चिठ्ठ्या टाकायच्या आणि प्रत्येकानं आठ खेळाडू आपले म्हणून निवडायचे. ते खेळाडू तिकडे मैदानात जे करतील, त्याचे गुण इकडे यांना. गोल झाला की पाच, गोलासाठी पास दिला की तीन, कार्ड मिळालं की वजा. सहा आठवडे हे चालायचं. पैसाबिसा काही नाही; पण जो शेवटचा येईल त्यानं सगळ्यांना वावरात रोडगे करून खाऊ घालायचे. कणीक मळण्यापासून गोवऱ्यांच्या राखेतून रोडगे काढण्यापर्यंत सगळं एकट्यानं! यंदा पाचवा गडी नोकरीसाठी पुण्याला गेला होता, म्हणून जागा रिकामी.

पुढच्या शनिवारी स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मंडळी जमली. मोबाईलचं दुकान चालवणारा शेखर होता, शाळेत शिकवणारा चंदन होता, आणि एकेकाळी कॉलेजची सेंटर फॉरवर्ड असलेली, आता दवाखान्यात नर्स झालेली सीमा होती. सीमानं रागिणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुले कुठीतरी पाह्यलं व मी... चेहरा नाई आठवत. पन तुह्यं हे उभं राहणं पाह्यलं आहे."

रागिणीनं खेळाडूंची यादी जवळ ओढली. निवडीची पाळी तिची शेवटची. चांगले चांगले फॉरवर्ड केव्हाच संपले होते. तिनं यादीवर बोट ठेवलं आणि एकामागून एक नावं सांगितली. आठ संघ, आठ गोलकीपर. सगळेच्या सगळे! कोणी एकालाही हात लावला नव्हता.

मग शेखर असा हसला, की त्याचा चहा सांडला.

"अवं माय! गोलकीपरले पॉईंट नसते आपल्याइथी!"

"काहून?"

"अडवलेले गोल कुठीच लिहून येत नाई ना," नितेश वही सांभाळत, अपराधी चेहऱ्यानं म्हणाला. नियमांची आणि गुणांची वही त्याच्याकडे असायची. "स्कोरकार्डात गोल येते, कार्ड येते. अडवलेलं कोण मोजते? तुमी बदलून घ्या खेळाडू. आज चालते."

रागिणीच्या मनात काहीतरी दुखावलं. जुनंच दुखणं, पण ठणकलं नव्यानं.

"राहू द्या. कोणालेच नको आहेत ना? मंग माह्याकडे राहू द्या."

झालं! वहीत तिच्या नावापुढे पहिल्या आठवड्यात शून्य, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यातही शून्य. शेखर तिला 'शून्यबाई' म्हणायला लागला. पण गंमत अशी, की शनिवारी टपरीवर सगळे तिच्याच भोवती बसायचे. मोबाईल मध्ये ठेवायचे आणि ती हळू आवाजात सांगायची, आता हा पुढे येईल, आता हा खाली बसेल, आता हा नुसता हात दाखवून फॉरवर्डला फसवेल. अन् तिकडे, शेकडो कोस लांबच्या मैदानावर, तो गोलकीपर अगदी तेच करायचा. चंदन कपाळाला हात लावायचा. नितेश मात्र मोबाईल सोडून तिलाच पाहायचा, अन् तिनं पाहिलं की घाईघाईनं वहीत काहीबाही लिहायचा.

गाडीपर्यंत तो दर वेळी सोबत यायचा. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. चौथ्या शनिवारी गाडी उशिरा होती. त्यानं आपला मफलर न बोलता तिच्या हातात दिला. त्याला सिग्नलच्या खोलीतल्या तेलाचा बारीक वास होता आणि तो तिला चक्क आवडला.

"तू सोडलं काहून खेळणं?" त्यानं विचारलं.

तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. सहा वर्षांपूर्वीची कॉलेजांची फायनल, अमरावतीलाच. शेवटल्या मिनिटाला एक गोल झाला आणि तिचं अकोल्याचं कॉलेज हरलं. दुसऱ्या दिवशी पेपरात एकच ओळ होती, गोलकीपरच्या चुकीमुळे पराभव.

"त्याच्या आधी मी कितीक अडवले होते रे... मलेच आठवत नाई आता. कोणी मोजलेच नाई. घरी आली, पॅड माळ्यावर टाकले, ते आजपर्यंत."

नितेश काहीच बोलला नाही. हरलेल्या माणसाला लोक जी वाक्यं ऐकवतात, त्यातलं एकही नाही. गाडीची शिटी वाजेपर्यंत तो नुसता शेजारी उभा राहिला, आणि रागिणीला वाटलं, इतकं चांगलं आपल्याशी कोणी बोललंच नव्हतं.

म्हणूनच पाचव्या शनिवारी तिनं धीर करून विचारलं, "नितेश, अडवलेल्या गोलाले अर्धा तरी पॉईंट दे ना."

"सीझनच्या मधात नियम बदलत नाई," तो म्हणाला. मान खाली, कान लाल. "नियम म्हणजे नियम."

एवढंच? रागिणीला रडूच आलं. पॉईंटचं काय घेऊन बसलात! तिला जाणून घ्यायचं होतं, की हा माणूस बाकडं मोकळं करतो, मफलर देतो, ते तिच्यासाठी की आपल्या खेळात गडी कमी पडू नये म्हणून? कारण आता वेळ उरली नव्हती. नागपूरचं एक स्थळ आलं होतं, मुलगा बँकेत, आणि रोडग्यांच्या रविवारनंतरच्या सोमवारी पाहुणे घरी यायचे होते. आई, पार्वताबाई, रोज फोनवर एकच विचारायची, "मनात दुसरं काही आहे काय व पोरी? असंल तं आत्ताच सांग." अन् रागिणीला सांगताच येत नव्हतं. लीग संपली की बडनेऱ्याला थांबायचं कारणही संपणार होतं.

लीग संपली. सीमा पहिली आली, एकशे अठ्ठ्याऐंशी गुण. रागिणी शेवटची, शून्य.

रविवारी शेखरच्या वावरात रोडग्यांचा बेत होता. तुरी काढून झाल्या होत्या, हरभरा घाट्यांनी लगडला होता. रागिणीनं जाडी कणीक मळली, रोडगे वळले, गोवऱ्यांचा जगरा पेटवला, वांग्याची भाजी फोडणीला टाकली. कोणाची मदत घेतली नाही. हरलो ना? मग हरल्यासारखं चोख हरावं! गरम राखेतून रोडगे काढताना धुरानं डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळंच काही धुराचं नव्हतं.

नितेश समोर येऊन उकिडवा बसला. त्यानं एक वही पुढे केली. नेहमीची नव्हे, दुसरीच, निळ्या पुठ्ठ्याची.

"हे काय?"

"पाह्य तं खरं."

तिनं राखेचे हात ओढणीला पुसले आणि वही उघडली. सामना पहिला, सातवं मिनिट, डावा पाय. अकरावं मिनिट, उजवा हात, डोळ्यांसमोर दोन माणसं असूनही. एकोणतीस, पूर्ण अंग झोकून. पान उलटलं, पुन्हा तेच. एकतीस सामने! तिच्या आठही गोलकीपरांनी अडवलेला एक-एक फटका, मिनिटासकट, पायासकट, हातासकट. कुठे कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं, 'रागिणीनं आधीच सांगितलं होतं.' शेवटी बेरीज, दोनशे सदुसष्ट.

"हे... हे तं कुठीच लिहून येत नाई म्हणाला होता तू!"

"नाई येत. पाहा लागते. ड्यूटीले जायच्या आधी, पहाटे उठून पाह्यले मी. सगळे. थांबवून थांबवून."

"एकतीस मॅच?"

"एकतीस."

रागिणीचं तोंड उघडं ते उघडंच. एका अडवलेल्या फटक्याला एक गुण धरला असता, तरी ती सगळ्यांच्या कितीतरी पुढे होती! "मंग सांगितलं काहून नाई? सहा आठवडे मले शून्यबाई म्हणून घेतलं!"

"सांगितलं असतं तं तू जिंकाले आली असती." त्यानं राखेत काडी ओढली. "मले पाहाचं होतं... शून्यावर असूनबी तू दर शनिवारी येते काय. अन् तू येत गेली."

तिला हसावं की त्याच्या डोक्यात रोडगा घालावा, कळेना. म्हणजे हाही बिचारा तेच मोजत बसला होता!

"शेवटलं पान राह्यलं," तो म्हणाला.

शेवटचं पान वेगळ्या शाईत होतं. कॉलेजांची फायनल, अमरावती. अकोल्याची गोलकीपर. खाली ओळीनं चौदा नोंदी. पहिला, डाव्या पायानं. चौथा, पडल्या पडल्या स्टिकनं. नववा, छातीवर घेतला. चौदा.

रागिणीनं त्या नोंदींवरून बोट फिरवलं. "हे तुले कोणी सांगितलं?"

"मी." मागून सीमा आली. तिचेही डोळे भरले होते. "चौदातले सहा फटके माह्याच स्टिकचे होते व, बाकीचे आमच्या टीमच्या पोरींले विचारले. चेहरा कसा ओळखीन, हेल्मेट होतं ना तुह्यं! पन यानं त्या मॅचचं विचारलं, अन् तुह्यं उभं राहणं डोळ्यांपुढे आलं. त्या दिवशी घरी जाऊन मी मायले म्हटलं होतं, आमी कप जिंकलो, पन मॅच त्या पोरीनं खेळली."

सहा वर्षं! सहा वर्षं एक ओळ तिच्या छातीवर बसून होती, आणि इथे चौदा ओळी कोणीतरी जपून लिहून ठेवल्या होत्या. रागिणी वही उराशी धरून लहान पोरीसारखी रडली. शेखर अन् चंदन उगाच हरभऱ्याचे घाटे सोलत बसले.

मग तिनं फोन काढला. "आई... उद्याच्या पाहुण्यांले नाई म्हणून कळव. हाओ, मनात आहे. तूच विचारत होती ना? घेऊन येईन त्याले, बाबांले सांगून ठेव."

नितेशच्या हातातला रोडगा खाली पडला.

"कोणाले घेऊन येशीन?" त्यानं विचारलं, अन् लगेच, एका दमात, घाबरत घाबरत म्हणून टाकलं, "रागिणी, मले तू आवडते. त्या पहिल्या पेनल्टी कॉर्नरपासून. तू नाई म्हटलं तरी चालते, म्हणजे... चालत नाई, पन मी—"

"माह्यासमोर गोल करणं सोपं नसते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पानभर लिहून ठेवलं आहे."

तिनं त्याच्या खिशातला पेन काढून त्याच्या हातात ठेवला. अजूनही राखेनं करडी असलेली तिची बोटं त्याच्या बोटांवरून हलली नाहीत.

"मंग आणखी एक ओळ लिही," ती म्हणाली. "हा मी अडवला नाई."