वीतभर नळी

संस्कृती पहिल्यांदा सुदर्शनच्या गॅरेजात आली ती भांडायच्या तयारीनं. डिझेल गाडीचा पिवळा दिवा पेटलेला, अन् गाडी चढाला जीव टाकणारी.

"दोन महिन्यांपूर्वीच दुसरीकडे फिल्टर धुऊन घेतला होता. परत दिवा लागलाच कसा?"

बॉनेट न उघडताच सुदर्शननं विचारलं, "रोज कुठवर जाता, मॅडम?"

"छावणीतून गुलमंडीला. शाळेत शिकवते."

"मग काय. गाडी तापायच्या आत तुम्ही पोचता. धुरातली काजळी फिल्टरमधी साचती, अन् ती जाळायला लांबची, सलग धाव लागती. कोंडून ठेवल्यावर रुसणारच की ती."

"तुम्ही गाडीचे डॉक्टर की वकील?" ती हसू दाबत म्हणाली.

आणि रविवारी निघाली की स्वारी! ती गाडी चालवतेय, हा शेजारी स्कॅनर घेऊन काजळीचा उतरता आकडा सांगतोय. दौलताबादच्या वळणावर सीताफळांच्या पाट्या दिसल्या.

"थांबू?"

"जळायचं चालू असताना थांबायचं नाय. अर्धवट राहतं."

"मग... परतीला?"

परतीला ती थांबलीच. सीताफळ खाता खाता तिनं बिया त्याच्या तळहातावर ठेवल्या – गंमत म्हणून. सुदर्शननं त्या खिशात टाकल्या. त्याचा जीव तिथंच जडला, हे काय सांगायला पाहिजे?

पण दिवा आठवड्यात पुन्हा लागला. तिसऱ्या रविवारी ती पाट्यांपाशी सीताफळं निवडत होती, तेव्हा सुदर्शननं बॉनेट उघडलं आणि खरं दुखणं सापडलं. फिल्टर साफ होता. त्यातला दाब मोजणाऱ्या सेन्सरची वीतभर रबरी नळी चिरली होती, म्हणून फिल्टर तुंबल्याची खोटी खबर गाडीला जात होती. दहा मिनिटांचं काम. नवी नळी गॅरेजात पडलेली.

तिथंच सांगून मोकळं व्हायचं ना, बाबा! पण याची मती फिरली.

"अजून एखादी चक्कर मारावी लागंल," तो म्हणाला.

एखादीच्या तीन झाल्या. सहाव्या रविवारी ती म्हणाली, "मंगळवारी जालन्याला मुलाखत आहे. कायमच्या नोकरीची. दोन वर्षं वाट बघितलीय मी. गाडी जाईल ना?"

"बिनघोर जावा." नुसता दिवा तर आहे, असं त्यानं मनाला समजावलं.

खोट्या खबरीवर विश्वास ठेवून गाडीनं करमाडजवळ इंजिनाची ताकदच काढून घेतली. चाळीसच्या वर जाईना. संस्कृती पोचली तेव्हा मुलाखती उरकल्या होत्या.

बुधवारी तिच्यासमोर त्यानं नळी बदलली. जुनी तिच्या हातात ठेवली, आणि सगळं सांगितलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"तिसऱ्या रविवारपासून. दिवा गेला असता तर तुम्ही आला नसता... लई चुकलं माझं."

तिनं नळीच्या चिरेवरून अंगठा फिरवला.

"नुसतं 'चला' म्हणाला असतात, तरी आले असते मी. मला कुठं हवा होता दिवा?" तिनं नळी त्याला परत दिली. "आता तुमचं खरं कोणतं, ते मी कशावरून ओळखू?"

ती गाडीत बसली. गाडी गेली. दिवा पेटला नव्हता.

रविवारी तो मोटारसायकलवर एकटाच दौलताबादला गेला. पाटीवाल्या पारूबाईंनी दोन सीताफळं काढली अन् रस्त्याकडं बघितलं.

"मॅडम नाय आल्या?"

"नाय," तो म्हणाला. "गाडी नीट झाली त्यांची."