एल्विराचा डबा

सकाळी साडेदहा वाजता मायक्रोवेव्ह आपोआप सुरू झाला. जेवणाच्या खोलीत कोणी नव्हतं.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी दारात उभी होते. जे पाहिलं तेवढंच सांगते.

ठिकाण कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या दक्षिणेला. पीच फळं पेटीबंद करणारी एक शेड. जुलै महिना, बाहेर उन्हाची भट्टी पेटलेली.

मायक्रोवेव्हच्या काचेआड एक डबा फिरत होता...

पिवळं झाकण. कडेला चीर, चिरेवर चिकटपट्टी.

तो माझ्या बहिणीचा होता. एल्विराताईचा.

आणि तो डबा आईनं आमच्या डोळ्यांदेखत ताईच्या शवपेटीत ठेवला होता. भरून. "उपाशी गेली माझी पोर," एवढंच म्हणाली होती.

आमच्या शेडमध्ये सगळ्यांना मिळून एकच मायक्रोवेव्ह. म्हणून सकाळी आल्या आल्या प्रत्येकजण आपला डबा त्याच्यासमोर रांगेत लावतो. माणसं कामावर, डबे रांगेत. दुसऱ्याच्या डब्याला कोणी हात लावत नाही. त्यावरून इथे मारामाऱ्या झाल्यात.

राज्याचा कायदा साधा आहे. पाचवा तास संपायच्या आत जेवणाची सुट्टी. अर्धा तास, आणि त्या वेळात कसलंही काम नाही.

ताई गेली त्या दिवशी पाचवा तास संपला. सहावाही संपला. फळं वाहणारा पट्टा चालूच होता.

मी तिच्या शेजारीच होते.

"कोमाद्रे, गरगरतंय गं. दोन घास खाऊन येते," ताई ओतिलियाला म्हणाली.

"नखरे नकोत, बाई. हा ट्रक भरू दे, मग बस जेवत संध्याकाळपर्यंत," ओतिलिया हसून म्हणाली.

ओतिलिया आमच्या पट्ट्याची मुकादम. ताईच्या मुलाची धर्ममाता. बाप्तिस्म्याला चर्चमध्ये त्याला हातांवर घेऊन उभी राहिली होती, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. हे नातं आमच्यात रक्ताच्या बहिणीहून जवळचं. दुसऱ्या कुणी अडवलं असतं तर ताई भांडली असती. कोमाद्रेचा शब्द तिनं मोडला नाही.

ट्रक भरला. ताई पट्ट्यावरच कोसळली.

तिचा डबा रांगेत तसाच होता. गार, न उघडलेला. मीच तो घरी नेला.

राज्याचा तपासनीस आला तेव्हा मी ओतिलियाच्या शेजारी बसले होते. मला वाटलं, आता ही सांगेल.

"ती जेवली होती, साहेब," ओतिलिया म्हणाली. "वेळेवर. माझ्यासमोर."

माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

तर त्या सकाळी मायक्रोवेव्ह थांबला. तोवर सगळे सुट्टीसाठी आत आले होते. तपासणी लागल्यापासून सुट्ट्या वेळच्या वेळी मिळायला लागल्यात.

"कोण रे एवढं भुकेलं? रांग मोडून डबा घातलाय!" ट्रक भरणारा तिबुर्सिओ ओरडला.

ओतिलियानं मायक्रोवेव्हचं दार उघडलं. वाफ आली. निवडुंगाची भाजी, वर अंडं. ताईच्या हातचा वास...

तिबुर्सिओ दोन पावलं मागे सरला.

"हा चावटपणा तुझा का गं?" ओतिलियानं मला विचारलं.

"डबा पेटीत ठेवला तेव्हा तुम्ही तिथेच होता," मी म्हटलं.

तिनं तो डबा कचऱ्यात फेकला.

दुसऱ्या दिवशी तो रांगेत पहिला होता.

भरलेला.

मग रोज. आणि ओतिलियाचं अन्न गरम होईनासं झालं. त्याच मायक्रोवेव्हमधून आमचे डबे वाफाळत निघायचे. तिचा लाल डबा मात्र... हात लावला तर बोटं बधिर व्हायची. तिनं घास गिळणंच सोडलं. गालफडं बसली.

गेल्या रविवारी ती आमच्या दारात आली. आईनं तिला आत घेतलं नाही.

"मावशी, तिला सांगा ना, जेव म्हणावं. मला सोड म्हणावं."

"ती तर जेवली होती ना, तुझ्यासमोर?" आई म्हणाली.

"खरं सांगितलं तर कामावरून काढतील मला."

"तुझ्या शब्दावर थांबली होती माझी पोर. आता मंगळवारी सुनावणी आहे. तिथे बोल. माझ्या दारात रडू नकोस."

मंगळवारी ओतिलिया बोलली. साहेबांसमोर, मान खाली घालून.

"ती जेवली होती."

आई माझ्या शेजारी होती. तिनं डोळे मिटून घेतले.

आज बुधवार. सकाळी मी जेवणाच्या खोलीत गेले तेव्हा अजून कोणाचेच डबे लागले नव्हते.

तरी रांगेत दोन डबे होते...

पुढे ताईचा. मी झाकण उघडलं. पहिल्यांदाच तो रिकामा होता. पोळीनं पुसून घेतल्यासारखा लख्ख.

त्याच्या मागे लाल डबा. भरलेला. बर्फासारखा गार.

ओतिलिया आज पट्ट्यावर आली नाही. तिबुर्सिओनं फोन लावला, नुसता वाजतोय.

तिची गाडी सकाळपासून शेडच्या आवारात उभी आहे. गाडीत कोणी नाही.