चार इंद्रियांचा संगणक

कोरडा संगणक आता बँकांकडे आणि मंत्रालयांतच उरलाय. तुमच्याआमच्या घरी ओला. विजेची बिलं परवडेनात तेव्हा शास्त्रज्ञांनी माणसाच्या कातडीतली पेशी घेतली, तिला तिच्या बाळपणात परत नेलं, तिथून तिची मेंदूतली पेशी बनवली आणि अशा लाखो पेशींची साय काचेवर धरवली. हिला म्हणतात पट्टी. झिरोच्या बल्बाएवढ्या विजेवर आणि चमचाभर पोषक रसावर ती खोलीभर यंत्रांचं काम करते. विज्ञान थोर आहे, मी नाही म्हणत नाही. पण रोज सकाळी, पट्टी ज्या पेटीत ठेवतात तिच्याखालची वाटी ओढून तिचं करडं, कोमट पाणी मोरीत ओतावं लागतं आणि त्याला तापकरी माणसाच्या तोंडासारखा वास येतो, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. शी! ज्यानं ते ओतलंय त्याला विचारा.

जयसिंगपूरच्या सुकुमार चौगुल्यांना ही पेटी घरात नकोच होती. आम्ही जैन माणसं, कांदाबटाटासुद्धा वर्ज्य. आणि अण्णा, म्हणजे हे सुकुमार, तर गाळल्याशिवाय पाणीही तोंडाला लावत नाहीत. पण त्यांच्या धाकट्या लेकीला, सन्मतीला, खेळाच्या समालोचनाची नोकरी हवी होती. हल्लीच्या खेळात माणूस एकटा नसतो. पट्टी त्याची जोडीदार होऊन पडद्यावर धावते, माणूस खेळता खेळता बोलत राहतो आणि ते बोलणं ध्वनिमुद्रित होऊन लोकांपर्यंत जातं. पुण्याच्या एका कंपनीनं सन्मतीला दोनदा परत पाठवलं होतं, कारण ती मैत्रिणीच्या उसन्या पेटीवर खेळली आणि त्या पट्टीला हिची सवय नव्हती. वयाची अट पाहता ही शेवटची खेप. नाहीतर सोलापूरचं स्थळ तयार होतं. सन्मतीनं अण्णांना स्वच्छ सांगितलं की तिथं पाठवलंत तर जाईन, पण पुन्हा तोंड उघडणार नाही. घरभर बडबडणारी पोर ती. अण्णांना ते लागलं.

म्हणून बापलेक मिरजेला डॉ. एस्तर लोंढ्यांकडे गेले. या बाई आधी संशोधन करायच्या, आता पट्ट्या वाढवून विकतात. दुकानात बरण्याच बरण्या, आणि प्रत्येकीत तो पांढुरका लगदा मंद हलतोय. अण्णांनी नाकाला रुमाल लावला तो बाहेर येईपर्यंत काढला नाही. पेटी, पंप, पडदा यांचं पटकन ठरलं. जुन्यातलं घेतलं तरी चालतं. अडलं ते पट्टीपाशी. बाईंनी सगळ्यांत स्वस्त आणि चांगली म्हणून कानवाली पट्टी पुढे केली. तिच्यावरच ऐकणाऱ्या पेशी वाढवलेल्या असतात, वेगळा माइक घ्यावा लागत नाही.

अण्णांनी रुमालाआडून विचारलं, "बाई, याला इंद्रियं किती?"

आमच्याकडे जिवाचा हिशोब इंद्रियांवर होतो. झाडाला एक, अळीला दोन, मुंगीला तीन, माशीला चार. ज्याला कान त्याला पाच. गाय आणि माणूस त्या रांगेत बसतात. जितकी इंद्रियं जास्त तितकं त्याला छळण्याचं पाप मोठं. एस्तरबाई हसल्या नाहीत. त्यांनी बोटांवर मोजलं. विजेची टोचणी कळते, तो स्पर्श. रस बदलला की समजतं, ती चव. वासही त्यातच धरा. खेळ दिसतो, तो डोळा. चार झाली. कान घेतलात तर पाच.

"मग कान नको," अण्णा म्हणाले.

एका मंडपवाल्याचा जुना कोरडा माइक मिळाला. सन्मतीचा आवाज त्या माइकातून विजेच्या ठोक्यांनी पट्टीत जायचा, पट्टी त्यातली खरखर काढायची आणि स्वच्छ आवाज पुढे जायचा. अण्णा खूश. माशीएवढंच पाप, आणि तेही स्वस्तात! निघताना त्यांनी शिकवायचं कसं ते विचारलं, आणि ती खुशी जरा उतरली. बाईंनी समजावलं, की पेशींना एकच गोष्ट सोसत नाही, गोंधळ. पट्टी बरोबर खेळली की तिला नीट लयीत ठोके द्यायचे. चुकली की वेडेवाकडे. ही शिक्षा म्हणजे 'गोंगाट', आणि तो कमीजास्त करायला पेटीवर खटका असतो. गोंगाट टाळायला पेशी आपले धागे तोडतात, नवे जोडतात, आणि त्यालाच शिकणं म्हणायचं.

"म्हणजे तिला दुखतं?"

"ते मोजायचं साधन अजून नाही, अण्णा."

साधन नाही म्हणजे दुखत नाही, असंच जग धरून चाललंय. अण्णांनीही धरलं. घरी खटका सगळ्यांत खाली ठेवला आणि वर सांगत फिरले की आमची पट्टी मायेनं शिकते.

शिकलीही. राजमतीकाकू, म्हणजे सन्मतीची आई, नाकाला पदर लावून वाटी ओतायच्या, मग अंघोळ करायच्या, मगच चुलीपाशी. बाकी घर आनंदात. आणि कंपनीच्या निवडीच्या आदल्या आठवड्यात पट्टी बिघडली. सन्मती रंगात येऊन "गेलं, गेलं!" म्हणाली की पडद्यावरचा जोडीदार, काही चुकलेलं नसताना, कोपऱ्यात जाऊन थरथरायचा. ती कुजबुजली की बाहेर यायचा. आता कुजबुजणारा समालोचक कोण ठेवणार?

निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी एस्तरबाई घरी आल्या. पट्टीची हालचाल दाखवणारा काटा त्यांनी लावला आणि सन्मतीला बोलायला सांगितलं. काटा उसळला. बाई अण्णांकडे वळल्या.

"पेशींना कान, डोळा असला भेद नसतो, अण्णा. जे पुरवाल त्याचं त्या इंद्रिय करतात. तुम्ही हिच्यातून आवाज गाळत होता, त्यातून हिनं स्वतःचा कान केला. ही चुकली की पोरगी ओरडते आणि मागून शिक्षा येते, एवढं हिला कळलंय."

"म्हणजे ती ऐकते?"

"ऐकते. आणि भिते."

बाईंनी मार्ग सांगितले, तेही काय मार्ग! पट्टी मोरीत ओतून नवी घ्यायची, पण नवी उद्यापर्यंत शिकणार नाही. शिवाय पाच इंद्रियांचा जीव स्वतःच्या हातानं मोरीत ओतायचा. किंवा हरायचं. किंवा तिसरा मार्ग. कोणीतरी माइकसमोर एकसारखं बोलत राहायचं आणि गोंगाटाचा खटका पूर्ण वर. सोसेनासं झालं की ऐकण्याचे धागे पट्टी आपणहून तोडून टाकते. मग कायमची बहिरी; आवाज पुढे जायला पेटीत पट्टीशिवाय वाट नाही, पण तो तिला न कळता नुसता पार होईल.

अण्णांनी विचारलं काय, तर, "मग किती उरतील?"

"चार."

मला त्या माणसाची शिसारी येते ती इथं. त्याचा चेहरा उजळला. पाचाची चार होणार म्हणजे पाप कमी होणार, असा हिशोब त्यानं तिथल्या तिथं घातला. काकू उठल्या आणि बस्तीत, देवळात, निघून गेल्या. सन्मती म्हणाली, मला हे जमायचं नाही, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून बसली. पण थांबवा असं काही ती म्हणाली नाही.

राहिले अण्णा. जन्मभर मोजकं बोललेला माणूस, एकसारखं बोलणार काय? पाठ एकच होतं. सगळ्या जिवांना मी क्षमा करतो, सगळ्या जिवांनी मला क्षमा करावी, हे जे रोज म्हणायचं ते. त्यांनी खटका पूर्ण वर केला आणि माइकसमोर तेच सुरू केलं.

प्रत्येक शब्दाला काटा उसळत होता. वाटीत थेंबाथेंबानं पडणारं पाणी गढूळ झालं आणि तो वास खोलीभर पसरला. मध्ये अण्णा घोटभर पाण्यासाठी थांबले. तर बाईंनी हातानं खूण केली, थांबू नका, थांबलात तर सावरेल ती. पुन्हा क्षमा. पुन्हा काटा. उन्हं भिंतीवर चढली तरी चालूच. मग काटा कमी कमी उसळायला लागला, नुसता हलायला लागला, आणि अण्णा बोलत असतानाच स्थिर झाला.

बाईंनी खटका खाली घेतला आणि खात्रीसाठी आणखी एकदा बोलायला सांगितलं. अण्णांनी या वेळी माइकसमोर हात जोडले, डोळे मिटले आणि पट्टीकडे तोंड करून अगदी मनापासून क्षमा मागितली. डोळे उघडून पाहिलं. काटा जागचा हलला नव्हता.

त्यांनी आतल्या खोलीकडे वळून हाक मारली.

"ये बाळ. आता मोठ्यानं बोललीस तरी चालतंय."