साठ घरं

मी आकड्यांचा माणूस. औरंगपुऱ्यात एका अरुंद जिन्यावर आमचं बाजार-सर्वेक्षणाचं ऑफिस आहे. कोण कुठला साबण का घेतं, हे आमच्या सर्वेअर बायका दारोदार विचारतात, मोबाइलवर फॉर्म भरतात आणि मी त्याचा डॅशबोर्ड बनवतो. पूर्वी कंपन्यांना जाडजूड रिपोर्ट पाठवायचो. आता त्यांनी लॉगिन करावं, भाग निवडावा, वय निवडावं, हवा तो तक्ता आपला आपण काढावा. आमचं डोकं खाऊ नये.

फेरतपासणीही माझ्याकडंच. दहातल्या एका घरी फोन लावून विचारायचं, आमची बाई खरंच आली होती का? लई कंटाळवाणं काम. यंदा मी ते केलंच नाही. पण सगळेच फॉर्म खरे दाखवले तर मालकांना, म्हणजे नानासाहेबांना, संशय येतो. म्हणून कुणाचे तरी खोटे दाखवायला हवे होते. मी करुणाचे दाखवले. सर्वेअर कोड सतरा, बजाजनगर, साठ घरं. सहा नावांपुढं 'कुणी आलंच नव्हतं' लिहिलं आणि नियमाप्रमाणं साठही रद्द झाली. तिचेच का? ती उलट बोलायची, एवढंच.

"सर, एक फोन लावून बघा की. एकच," ती म्हणाली.

"मला काम शिकवू नको. साठही घरं परत कर, नाहीतर घरी बस."

मे महिना होता, त्रेचाळीस अंश. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती बजाजनगरच्या रस्त्यात कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत संपली होती. मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, भीती जास्त वाटली, कुणी विचारेल याची. कुणीच विचारलं नाही.

दहा दिवसांनी साबण कंपनीला डॅशबोर्ड खुला केला. तासाभरात त्यांच्या माणसाचा फोन आला.

"राजेंद्रजी, गारखेडा आपल्या कामात होतं का? इथं एक घर दिसतंय."

नव्हतं. गारखेड्यात मी राहतो, म्हणून मला पक्कं माहीत. फॉर्म उघडला. वेळ आजचीच, दुपारी एक चाळीस. सर्वेअर कोड सतरा.

कुणीतरी तिचं लॉगिन वापरतंय, दुसरं काय! मी लॉगिन बंद केलं, फॉर्म उडवला. दुसऱ्या दिवशी तीन आले. उडवले. तिसऱ्या दिवशी सात. नकाशावर त्यांचे ठिपके आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले होते.

तेव्हा मी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, त्या सातांतल्या एका घरी, फेरतपासणीचा फोन लावला. द्वारकाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी उचलला.

"व्हय, आली होती की. गुणाची पोर. राजेंद्र सरांचं घर कुठंय म्हणून विचारत होती."

तेव्हाच नानासाहेबांसमोर जाऊन सगळं ओकायला हवं होतं. पण नोकरी जाईल ना! घरी मेघा, माझी बायको, सातव्या महिन्यातली. डॉक्टरांनी तिला उन्हात पाऊलही टाकू नको म्हणून बजावलेलं. मी तेही फॉर्म उडवले.

चौथ्या दिवशी दुपारी राहवेना, तिला फोन केला.

"मेघा, कुणालाही दार उघडू नकोस."

"अहो, उघडलंय की. सर्वेच्या एक ताई आल्यात. किती घामाघूम झाल्यात हो."

"तिला फोन दे! आधी फोन दे!"

पलीकडं पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली. मग मेघाच बोलली, अगदी संथ.

"मी जरा यांच्याबरोबर जाऊन येते. साठ घरं राहिलीत म्हणे."

गाडी कशी दामटली ते आठवत नाही. घरी दार सताड उघडं, पंखा चालू. तिच्या चपला नव्हत्या.

मोबाइलवर डॅशबोर्ड उघडला. गारखेडा निवडलं. नवीन सर्वेअर कोड, अठरा. नाव मेघा. दोन घरं झाली होती.

पहिल्या घरी धावलो. "आत्ताच गेल्या दोघी."

पुढच्या घरी. "आत्ताच गेल्या दोघी."

पळता पळता नानासाहेबांना फोन लावला. "करुणाचे फॉर्म खरे होते! मी फोन लावलेच नव्हते!"

"राजेंद्र, ऊन लागलंय का तुला? घरी जाऊन पड," म्हणाले आणि ठेवून दिला.

रस्त्यातच उभं राहून करुणाचे साठही फॉर्म मी 'खरे' करून टाकले. स्क्रीननं मुकाट मान्य केलं. कोड अठराची घरं वाढतच राहिली. बारा. एकोणीस. सव्वीस.

"करुणा, तिला सोड गं," मी भर रस्त्यात ओरडलो. "तिनं काय केलंय?"

गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

सत्ताविसावं घर ओळखीच्या भागूबाईंचं. दार त्यांनीच उघडलं, हातात भरलेला तांब्या तसाच.

"मावशी, दोघी आल्या होत्या ना? कुणीकडं गेल्या?"

"दोघी कुठल्या? एकटीच होती, पोटुशी. तोंड लालबुंद झालं होतं बिचारीचं. बस म्हणलं, पाणी तरी पी म्हणलं. नको म्हणली. सर रागावतील म्हणली."