भिंतीपलीकडचं माप

माझी आठवण आता भरवशाची राहिलेली नाही. तारीख मात्र पक्की आहे: सतरा नोव्हेंबर दोन हजार नऊ, मंगळवार. बाकी जे सांगतो त्यातलं किती खरंच घडलं आणि किती माझ्या मनाने नंतर भरलं, ते मलाच नीट ठरवता येत नाही. बेरिल असती तर तिने मध्येच टोकून दुरुस्त केलं असतं. ते दार जरा लोटून घ्या, वारा येतोय.

इंग्लंडात हेस्टिंग्जला ही बेरिल होडली माझ्या वरच्या मजल्यावर राहायची. नवरा गेलेला. एकुलती लेक टीना न्यूकॅसलला, तिची मूत्रपिंडं निकामी झालेली. फ्लॅट विकायचा आणि लेकीजवळ जाऊन राहायचं, एवढंच बेरिलच्या डोक्यात होतं. पण इथे विकत घेतलेला फ्लॅटही मुदतीपुरताच आपला. मुदत संपली की विटा-खिडक्यांसकट जमीनमालकाचा. तिच्या लीजची, म्हणजे त्या मुदतीची, वर्षं इतकी उतरली होती की बँका गिऱ्हाइकाला कर्जच देईनात. मुदत वाढवल्याशिवाय सुटका नव्हती.

त्यासाठी मालकाचा मोजणीदार त्या दिवशी येणार होता. बेरिल मला बोलवायला खाली आली.

"प्रोफेसर, तुम्ही नुसते येऊन बसा. बाई एकटी दिसली की हे लोक कपाटसुद्धा खोली म्हणून मोजतात."

"अहो, मी भूगर्भशास्त्र शिकवलं. मला फ्लॅटमधलं काय कळतंय?"

"चष्मा लावून गप्प बसायचं. कळतंय असं वाटतं."

दुपारी येणारा माणूस दुपारी आलाच नाही. अंधार पडला. रात्रीचं जेवण उरकून बेरिल भांडी विसळत होती, तेव्हा दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक.

उंच माणूस. लांब कोट. अंगाला बंद खोलीचा वास. त्याने नाव सांगितलं, पण मला ते ऐकू आलं नाही. बेरिललाही नाही. आता इथल्या लोकांची एक खोड आहे: नाव एकदा निसटलं की पुन्हा विचारायचं नाही, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून. इतक्या वर्षांत ती मलाही लागली होती. आम्ही दोघं हसलो आणि त्याला आत घेतलं.

"चहा?" बेरिलने विचारलं.

"नको."

तिने मला स्वयंपाकघरात ओढलं. "चहा नको म्हणाला! मालकानेच पाठवलाय, मला घाबरवून पळवून लावायला. लिहून ठेवा."

"ओळखपत्र मागू का?"

"आता? आत घेतल्यावर? शोभतं का ते?"

मलाही संशय येत होताच. त्याने खिशातून कापडी टेप काढली. एवढ्यात मी अशी कुणाकडे पाहिली नव्हती. टोक माझ्या हातात देऊन मला समोरच्या खिडकीशी उभं केलं आणि तो टेप सोडत मागच्या निजायच्या खोलीत गेला. खोली एवढीशी. पलंग, कपाट, मग भिंत. भिंतीपलीकडे मोकळी हवा, आणि खाली अंगणात कचऱ्याचे डबे.

टेप सरकत होती.

एव्हाना भिंत यायला हवी होती.

टेप सरकतच होती.

"झालं का हो?" बेरिल ओरडली.

"नाही अजून..."

आवाज लांबून आला. फार लांबून. बेरिल माझ्या दंडाला धरून उभी होती. टेप हलकेच ओढली जात होती, एखादा माणूस सावकाश चालत जावा तशी.

"मिसेस होडली... मुदत वाढवू नका."

"का म्हणून?"

टेप आणखी थोडी सरकली.

"आम्ही इथे... थांबलोय."

बेरिलने माझा दंड सोडला. मग ती बोलली.

"माझी लेकही थांबलीय."

टेप थांबली.

...

मग सर्रकन माझ्या बोटांतून निसटून आत गेली.

आम्ही खोलीतला दिवा लावला. पलंग. कपाट. भिंत. खिडकी आतून बंद. कुणी नाही.

सकाळी मालकाच्या कचेरीतून फोन आला. मोजणीदार आदल्या दिवसापासून तापाने अंथरुणाला खिळला होता, दुसरं कुणी पाठवलं नव्हतं. मी म्हटलं, खोटं बोलत असतील. बेरिल म्हणाली, "असतील. पण भिंतीपलीकडच्यांना थांबायची सवय आहे ना? थांबू देत." मुदत तिने वाढवून घेतलीच. वसंतात फ्लॅट विकला आणि गेली. टीनाबरोबर तिला चार वर्षं मिळाली.

मी मनाची समजूत घालून घेतली होती: तिथे पूर्वी इमारतीचा एखादा भाग असेल, युद्धात पडला असेल, आणि कुणा खोडसाळाला ते ठाऊक असेल. नगरपालिकेत जाऊन जुने नकाशे पाहिले. त्या भिंतीपलीकडे कधीच काही बांधलेलं नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्याच मागच्या भिंतीचा बाहेरचा गिलावा काढायला परांची बांधली. गवंड्याने काहीतरी दाखवायला मला हाक मारली. मी भीत भीत वर चढलो आणि हाताने चाचपून खात्री केली. गिलाव्याखालच्या विटांवर, बेरिलच्या निजायच्या खोलीच्या उंचीवर, जिथे पाय ठेवायला जागा नाही तिथे, वाट बघत बाकावर बसलेल्यांची डोकी टेकून टेकून भिंतीला पडतात तसे तेलकट गोल डाग होते. एका ओळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत.